भाच्याचा खेळ आणि घराची कडी
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



माझी धाकटी बहीण शीळफाट्याला राहते. कल्याणहून येणारा, मुंब्र्याहून येणारा, पनवेलला जाणारा आणि महाप्याला जाणारा असे रस्ते जिथे एकमेकांच्या अंगावर येतात, तो शीळफाटा. तुमच्यापैकी बरेच जण तिथे कधी ना कधी अडकले असतील. काही जण आत्ताही अडकलेले असतील आणि गाडीतल्या रेडिओवर मला ऐकत असतील. त्यांना फारशी घाई करता येणार नाही, म्हणून जरा सविस्तरच सांगतो.

बहिणीचा मुलगा अकरावीत आहे. दहावीच्या निकालाचे मिळालेले आणि वाढदिवसाचे साठवलेले पैसे एकत्र करून त्याने एक जुना प्लेस्टेशन फोर विकत घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा टीव्हीला जोडायचा एक काळा डबा असतो. त्याला कन्सोल म्हणतात. हातात दोन मुठींचा कंट्रोलर धरून त्यावर खेळ खेळायचे. पूर्वी असे खेळ घरातल्या घरात खेळले जायचे, आता डबा इंटरनेटला जोडला की एक मित्र डोंबिवलीत, दुसरा पुण्यात आणि हा शीळफाट्याला, अशी फुटबॉलची टीम तयार होते. न जोडलेला डबा म्हणजे एकट्याने खेळायचा कॅरम.

तर तो डबा घरच्या वाय-फायला काही केल्या लागेना. मोबाइल लागत होता, लॅपटॉप लागत होता, डब्याच्या यादीत मात्र शेजाऱ्यांच्या वाय-फायची नावं दिसत होती आणि स्वतःच्या घराचं नाव नव्हतं. भाच्याने मला फोन केला, "मामा, तू टेलिफोनमध्ये होतास ना? मग ये ना."

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. आयुष्य खांबावर, केबलच्या खड्ड्यात आणि लोकांच्या घरी गेलं. 'तार जोडून द्या' म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही. पण नेमकं तेव्हा घरी आजारपण निघालं आणि जाणं लांबलं. आठ-दहा दिवसांनी भाच्याचाच फोन आला की काम झालं, एका ओळखीच्या मुलाने येऊन पाच मिनिटांत लावून दिलं. मीही विसरलो.

चार महिन्यांनी संक्रांतीचा तिळगूळ द्यायला गेलो, तेव्हा माझ्या मोबाइलला वाय-फाय हवं म्हणून भाच्याकडे पासवर्ड मागितला. तो म्हणाला, "पासवर्ड नाहीच आहे मामा. तसंच लागतं."

तसंच लागत होतं. त्या ओळखीच्या मुलाने घराची कडीच काढून ठेवली होती.

जेवणं झाल्यावर मी राउटरचं पान उघडलं. राउटर म्हणजे भिंतीवरचा तो दिवे लुकलुकणारा छोटा डबा, ज्यातून घरभर इंटरनेट पसरतं. कोणकोणती यंत्रं जोडली आहेत याची यादी त्याच्या पानावर दिसते. बहिणीच्या घरात टीव्हीपासून माझ्या मोबाइलपर्यंत सगळं मोजून सात यंत्रं होत होती. यादीत बारा होती. वरची पाच कोणाची? शेजारच्या मुलांची असतील, खालच्या दुकानातल्या पोऱ्याची असतील. मेहुणे म्हणाले, "असू दे हो, आपला नेटपॅक तरी कुठे संपतो?"

मेहुण्यांचा स्वभाव मोठा आहे. आपल्याकडे शेजारी साखर मागतात, विरजण मागतात, आता पासवर्ड मागतात आणि नाही म्हणणं जिवावर येतं. पण त्या दिवशी मी त्यांना २००८ सालची एक गोष्ट सांगितली. ती शीळफाट्यापासून फार लांब घडलेली नाही. महाप्यावरून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलं की तुर्भ्याच्या पुढे सानपाडा. तिथली गोष्ट.

२६ जुलै २००८. त्या संध्याकाळी अहमदाबादमध्ये एकामागून एक बॉम्बस्फोट झाले, पन्नासहून जास्त माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तसंस्थांना आणि वाहिन्यांना धमकीचा ई-मेल पोचला होता. तपास करणारे त्या ई-मेलच्या मागावर निघाले, तेव्हा पत्ता निघाला सानपाड्यातल्या एका इमारतीतल्या फ्लॅटचा. तिथे एक अमेरिकी नागरिक भाड्याने राहत होता. दहशतवादविरोधी पथक त्याच्या दाराशी आलं, त्याचे संगणक तपासणीला गेले, अनेक दिवस चौकशी चालली, वर्तमानपत्रांत नाव छापून आलं. शेवटी निष्पन्न काय झालं, तर त्याच्या वाय-फायला कुलूप नव्हतं आणि दुसऱ्याच कोणीतरी ते वापरून ई-मेल पाठवला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाच्या ई-मेलचा माग चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वाय-फायपर्यंत गेला. त्यानंतर, २००९ च्या जानेवारीत, मुंबई पोलिसांची पथकं लॅपटॉप घेऊन रस्त्यांवरून फिरली आणि कुठे कुठे बिनकुलपाचं वाय-फाय आहे ते तपासू लागली.

हे सगळं एका न लावलेल्या पासवर्डमुळे. इंटरनेटवर तुम्ही जे काही करता, त्यावर पत्ता तुमच्या घराचा पडतो. बाहेरच्या जगाला तुमचं घर दिसतं, घरातला माणूस दिसत नाही. भाच्याने केलं, मेहुण्यांनी केलं की जिन्यात बसलेल्या अनोळखी माणसाने केलं, हे त्या पत्त्यावरून कळत नाही. कळत नाही म्हणूनच मग दार वाजतं.

मेहुणे गप्प झाले. भाचा मात्र घाबरला तो वेगळ्याच कारणाने. "म्हणजे आता माझा गेम बंद?"

मी म्हटलं, कुलूपही लागेल आणि गेमही चालेल. मुळात तो का लागत नव्हता हे कोणी पाहिलंच नव्हतं.

आता थोडं लहरींबद्दल सांगावं लागेल, आणि रेडिओवर बसून लहरींबद्दल बोलायला मला फार आवडतं. आपण वर्षानुवर्षं आकाशवाणीची अस्मिता वाहिनी मध्यम लहरींवर, ५५८ किलोहर्ट्झवर ऐकली. तिची एक लहर पाचशे मीटरहून लांब. एवढी मोठी लहर पारसिकच्या डोंगराला वळसा घालून येते, इमारतींना जुमानत नाही. वाय-फाय हासुद्धा रेडिओच आहे, फक्त फार आखूड लहरींचा. त्याचे दोन मुख्य पट्टे आहेत. एक २.४ गिगाहर्ट्झचा, त्याची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची, म्हणजे अर्ध्या वितीची. दुसरा ५ गिगाहर्ट्झचा, त्याची लहर पाच-सहा सेंटिमीटरची, तीन बोटांएवढी. पाचवाल्याचा वेग जास्त, पण तो भिंतीला लवकर हार जातो. २.४ वाला सावकाश, पण एक-दोन भिंती पार करतो.

जाता जाता एक आठवण सांगतो. माझे वडील आमच्या पेटीएवढ्या रेडिओचा परवाना भरायला दरवर्षी टपाल कचेरीत जायचे. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानुसार नुसता रेडिओ बाळगायलाही परवाना लागायचा. ऐंशीच्या दशकात तो बंद झाला. वाय-फायचा राउटर तर नुसता ऐकत नाही, तो स्वतः बोलतो, म्हणजे ते एक चिमुकलं प्रक्षेपण केंद्रच. तरी आपण परवाना काढत नाही, कारण २००५ साली सरकारने २.४ चा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी बिनपरवाना मोकळा केला आणि ५ च्या पट्ट्याचा बराच मोठा भाग २०१८ साली. वडिलांना हे सांगितलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता.

असो. भाच्याचा डबा हा प्लेस्टेशन फोरचा पहिला नमुना. आपल्याकडे तो २०१४ च्या जानेवारीत बाजारात आला. त्या नमुन्याला फक्त २.४ चा पट्टा ऐकू येतो. पाचवाला त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. दोन्ही पट्टे ओळखणारे प्लेस्टेशन फोर २०१६ पासूनचे. आणि बहिणीच्या घरी झालं होतं असं, की 'पाचवाला फास्ट असतो' हे मेहुण्यांनी कुठेतरी ऐकलं आणि राउटरमधला २.४ चा पट्टा बंदच करून टाकला. मग डब्याला घराचं नाव दिसणार कसं? मध्यम लहरींवरच्या रेडिओवर एफएम शोधत बसण्यासारखंच ते.

त्या ओळखीच्या मुलाला हे बरोबर कळलं, त्याने २.४ सुरू केला. नाव दिसू लागलं. पण पासवर्ड अचूक टाकूनही डबा तो घेईना. इथे तो थकला आणि त्याने पासवर्डच उडवला. खरं कारण असं होतं, की राउटरवर कुलपाचा सगळ्यात नवा प्रकार लावलेला होता, डब्ल्यूपीए-थ्री नावाचा. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या डब्याला ते कुलूप उघडता येत नाही. किल्ली बरोबर, पण कुलपाची जातच वेगळी. राउटरमध्ये डब्ल्यूपीए-टू हा त्याच्या आधीचा प्रकार निवडायचा, किंवा टू आणि थ्री दोन्ही चालतील अशी सोय असेल तर ती निवडायची. पासवर्ड लांब असेल तर घरासाठी डब्ल्यूपीए-टू पुरेसं मजबूत आहे. मी ते केलं, सोळा अक्षरांचा पासवर्ड ठेवला. डब्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन नेटवर्क, मग 'सेट अप इंटरनेट कनेक्शन', मग वाय-फाय असं करत गेलो आणि अर्ध्या मिनिटात जोडणी झाली. यादीतली ती पाच यंत्रं तेव्हाच गळाली.

त्याहून जुनं यंत्र कोणी माळ्यावरून काढणार असेल तर मात्र सावध राहा. २००४ साली आलेल्या निन्टेंडो डीएस या हातात धरायच्या खेळण्याला फक्त डब्ल्यूईपी हे कुलूप कळायचं, आणि ते कुलूप फोडता येतं हे २००१ सालीच सिद्ध झालं होतं. म्हणजे मुलाच्या खेळण्यासाठी अख्ख्या घराचं कुलूप कच्चं करावं लागायचं. असं जुनं यंत्र इंटरनेटशिवाय खेळलेलं बरं. तसंच राउटरवर डब्ल्यूपीएस नावाची सोय असते. त्यातला आठ आकडी पिन किती सहज शोधता येतो हे २०११ च्या डिसेंबरमध्ये जगासमोर आलं, म्हणून ती बंदच ठेवावी. आणि राउटरच्या स्वतःच्या पानाचा जो पासवर्ड असतो, तो बहुतेक घरांत 'अ‍ॅडमिन' हाच असतो. तोही बदलायला हवा.

मग शेजाऱ्यांचं काय? बहिणीला हा खरा प्रश्न पडला होता. समोरच्या घरातली मुलगी परीक्षेच्या वेळी त्यांचं वाय-फाय वापरायची, तिला आता नाही कसं म्हणायचं? यावर उपाय राउटरमध्येच आहे. त्याला गेस्ट नेटवर्क म्हणतात. जुन्या घरांना कशी ओसरी असायची, आलेला माणूस ओसरीवर बसायचा, पाणी प्यायचा, पण माजघरात जायचा नाही, तसं हे. वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. त्यावर आलेल्याला इंटरनेट मिळतं, पण घरातले लॅपटॉप, कॅमेरे, प्रिंटर दिसत नाहीत. हा पासवर्ड ज्याला द्यायचा त्याला नावानिशी द्यायचा आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदलायचा. बाहेर पत्ता तुमचाच पडतो, हे इथेही लागू आहेच, म्हणून ओळखीच्या माणसालाच द्यायचा. भाच्याने त्या नेटवर्कचं नाव खरोखरच 'ओसरी' ठेवलं. समोरच्या मुलीला आधी हसू आलं, मग तिने पासवर्ड टिपून घेतला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आठवड्याने पुन्हा फोन. "मामा, गेम अडकतोय. स्पीड तर शंभरचा आहे."

शीळफाट्यावर राहणाऱ्या मुलाने हा प्रश्न विचारावा याचं मला नवल वाटलं. त्याच्या गॅलरीतून कल्याण-शीळ रस्ता दिसतो. रस्ता रुंद झाला, सहापदरी झाला, तरी खिडकाळीच्या देवळापासून फाट्यापर्यंत यायला किती वेळ लागेल हे कोणी सांगू शकतं का? रुंदी वेगळी आणि पोचायचा वेळ वेगळा. इंटरनेटचा 'स्पीड' म्हणजे रस्त्याची रुंदी. चाळीस-पन्नास जीबीचा खेळ उतरवून घ्यायला ती उपयोगाची. पण एकदा खेळायला बसलं की थोडीशीच माहिती सतत जात-येत राहते, आणि ती किती मिलिसेकंदांत पोचते यावर सगळं ठरतं. भाचा बटण दाबतो, गोलकीपर उशिरा उडी मारतो, तोवर पुण्यातल्या मित्राने गोल केलेला असतो.

उशीर का होतो? एक कारण भिंती. फाट्याच्या आजूबाजूला अलीकडे उभे राहिलेले उंच टॉवर अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधतात. त्यांत विटांची भिंत जवळजवळ नसतेच, खोल्यांमधल्या भिंतीही सळया घातलेल्या काँक्रीटच्या. काँक्रीट लहर शोषून घेतं आणि लोखंडाची जाळी ती परतवते. बहिणीचा राउटर दारामागे, चपलांच्या कपाटावर, आणि कन्सोल आतल्या खोलीत टीव्हीच्या मागे कोंबलेला. टीव्हीच्या पाठीचा धातू वेगळाच. वाटेत माशांची पेटीही होती, आणि पाणी या लहरी चांगल्याच पितं.

दुसरं कारण शेजारी. २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे तेरा चॅनेल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना धक्का न लावता बसतील असे तीनच, १, ६ आणि ११. एका टॉवरमध्ये मजल्यावर सहा-आठ घरं, प्रत्येक घरात राउटर, आणि सगळे त्या तीन बाकांवर बसायला धडपडणारे. त्यात ब्लूटूथ याच पट्ट्यात, मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात. आणि भाच्याच्या डब्याला दुसऱ्या पट्ट्यात जायची सोय नाही. राउटर दिवाणखान्याच्या मध्यावर, उंचावर आणला, चॅनेल ११ वरून १ वर नेला. बराच फरक पडला, पण रात्री नऊनंतर, सगळी बिल्डिंग घरी आली की, पुन्हा अडखळायचं.

तिसरी भानगड वेगळीच निघाली. कन्सोलमध्ये इंटरनेटची चाचणी घेतली की 'नॅट टाइप' असा एक आकडा दिसतो. दोन असेल तर ठीक. तीन असेल तर मित्रांचा आवाज न येणं, खेळाची खोली न उघडणं, असले प्रकार होतात. भाच्याला कोणीतरी सल्ला दिला होता की राउटरमध्ये डीएमझेड नावाची सोय चालू कर. मी हात जोडले. त्याचा अर्थ बाहेरून जे काही येईल ते सगळं एका यंत्राकडे सरळ पाठवायचं. पुन्हा कडी काढणंच ते, फक्त मागच्या दाराची. आणि बरेचदा त्याचा उपयोगही होत नाही, कारण दोष घरात नसतोच. जगातले जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते पुरेनासे झाल्यामुळे आपल्याकडच्या अनेक इंटरनेट कंपन्या एकच बाहेरचा पत्ता शेकडो घरांना वाटून देतात. एका टपालपेटीत सगळ्या सोसायटीची पत्रं पडावीत तसं. मग घरचा राउटर कितीही उघडा ठेवला तरी बाहेरची हाक तुमच्यापर्यंत थेट पोचत नाही. अशा वेळी कंपनीला फोन करून स्वतःचा वेगळा पत्ता मागायचा. काही जण तो महिन्याला थोडे पैसे घेऊन देतात. बहिणीला तो मिळाला, टाइप तीनचा दोन झाला.

आणि रात्री नऊनंतरच्या अडखळण्यावर मी शेवटी माझा जुना उपाय काढला. तार. प्रत्येक प्लेस्टेशन फोरच्या पाठीमागे केबल लावायचं भोक असतं आणि बहुतेक घरांत ते कोरं राहतं. पंधरा मीटर केबल आणली. शंभर मीटरपर्यंत तिला काही फरक पडत नाही. भिंतीला भोक पाडायला घरमालकाची ना होती, म्हणून भिंतीच्या कडेकडेने, दाराच्या फटीतून, गादीखालून नेली. तारेला भिंत नाही, चॅनेल नाही, शेजारी नाही आणि पासवर्डही नाही. त्या रात्री भाच्याने पुण्याच्या मित्राला चार गोल मारले. मित्र म्हणाला, तू चीटिंग करतोयस.

बहिणीची एकच अट आहे. दर रविवारी सकाळी केर काढायच्या आधी भाच्याने ती तार गुंडाळून ठेवायची, आणि फरशी पुसून झाल्यावर पुन्हा पसरायची. एखाद्या रविवारी तो आळस करतो, मग त्या दिवशी वाय-फायवर खेळतो आणि मला फोन करून सांगतो, "मामा, अडकतोय."